डायलिसिसमध्ये रक्त नेमकं कसं साफ होतं? चार तास का लागतात?

वडिलांना डायलिसिस सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. यंत्र रक्त गाळतं म्हणजे काय करतं आणि अंगात जेमतेम पाच लिटर रक्त असताना चार तास कशाला, हा तुमचा प्रश्न. मी इंदूरचा, रामबागेत राहतो. आठवड्यातून तीनदा त्या खुर्चीवर असतो. डॉक्टर नाही, पेशंट म्हणून सांगतो.

'गाळणं' हा शब्द आधी डोक्यातून काढा. खारवलेल्या कैरीच्या फोडी वापरण्याआधी आपण साध्या पाण्यात टाकतो. मीठ पाण्यात उतरतं, पाणी खारट झालं की बदलायचं. बरंचसं तेच इथे होतं. डायलायझर म्हणजे दीड वीत लांबीची नळी, आत सुमारे १० हजार बारीक पोकळ तंतू. तंतूंच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून पाणी, तेही उलट दिशेनं, म्हणजे रक्ताला शेवटपर्यंत कोरं पाणी भेटत राहतं. तंतूंच्या छिद्रांतून युरिया, क्रिएटिनिन हा अंगातला कचरा आणि जास्तीचं पोटॅशियम निसटतं. रक्तपेशी मोठ्या, त्या आतच राहतात.

खरी करामत त्या पाण्याची. साधं पाणी असतं तर रक्तातलं सोडियमही धुऊन गेलं असतं. म्हणून त्यात सोडियम जवळपास रक्ताइतकंच ठेवतात, पोटॅशियम कमी, युरिया अजिबात नाही. बायकार्बोनेट मात्र जास्त, ते उलट रक्तात शिरतं आणि साठलेलं आम्ल मारतं. मिनिटाला ५०० मिलि धरा, चार तासांत १२० लिटर झाले, आणि तेही आरओनं शुद्ध केलेलं. नर्मदेचं पाणी इंदूरला किती लांबून चढवून आणतात हे ठाऊक असल्यामुळे सुरुवातीला मला फार अपराधी वाटायचं.

आता चार तासांचं. मिनिटाला ३०० मिलि रक्त फिरलं तर पाच लिटर १७ मिनिटांत एकदा फिरून येतं. पण युरिया काही फक्त रक्तात नसतो. अंगातल्या सगळ्या पाण्यात, पेशींच्या आतसुद्धा असतो, आणि हे पाणी भरतं तीस-चाळीस लिटर. रक्त साफ झालं की तिकडून पुन्हा झिरपतं. जिवंत झऱ्याची विहीर उपसावी तसं. घाई करून भागत नाही.

लघवी कमी झाल्यावर अंगात साठलेलं पाणी मात्र दाबानं ओढून काढतात. वजन झालं की टेक्निशियन विचारतो, "भैया, आज कितना निकालना है?" एकदा लग्नाच्या गडबडीत मी सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन दोन शिकंज्या रिचवल्या, वर पाणीही मनसोक्त प्यालो. वजन चार किलो वाढलं. तेवढं पाणी एका बैठकीत काढताना बीपी उतरलं आणि पोटऱ्यांत असे गोळे आले की मी खुर्चीतच ओरडलो. चूक माझीच. आमची इंदुरी शिकंजी लिंबाची नाही, दुधाची, म्हणजे फॉस्फरसही आला, आणि तो डायलिसिसनं नीट निघत नाही.

तुमच्या वडिलांना अजून वेळ असेल तर फिस्चुलाचं, म्हणजे रक्त यंत्राकडे न्यायच्या वाटेचं, आत्ताच विचारा. हातातली धमनी शिरेला जोडतात, शीर जाड व्हायला सहा-आठ आठवडे तरी लागतात. तो हात जपायचा. बोटं ठेवली की घरघर लागते, ती रोज सकाळी तपासायची, थांबलेली वाटली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बीपीचा पट्टा किंवा सलाईन त्या हाताला लावू द्यायचं नाही, नर्सनं कितीही आग्रह केला तरी.