बिट, स्पॅम, ब्लॉग, इन्फोडेमिक हे माहितीयुगातले इंग्रजी शब्द नेमके कोणी तयार केले? प्रत्येक ठिकाणी वेगळं नाव आणि वेगळं साल दिसतं. खरं कसं ओळखायचं?

एका शब्दाला निदान तीन तारखा असतात. कोणीतरी तो पहिल्यांदा उच्चारला ती, कागदावर पहिल्यांदा उमटला ती, आणि लोकांच्या तोंडी रुळला ती. ज्याच्या हाती जी तारीख लागते ती तो ‘जन्मतारीख’ म्हणून छापून मोकळा होतो. त्यात आणखी एक घोळ: वस्तू आधी येते, नाव मागाहून पडतं, आणि मग ते नाव जुन्या वस्तूलाही लावलं जातं. तुम्हाला दिसलेल्या सालांच्या गोंधळाचं मोठं कारण हेच.

स्पॅम घ्या, सगळ्यात चांगलं उदाहरण. हे मुळात डबाबंद मांसाचं व्यापारी नाव, १९३७ पासूनचं. १९७० मध्ये ब्रिटिश टीव्हीवर माँटी पायथन मंडळींचं एक प्रहसन आलं. त्यात खानावळीतल्या प्रत्येक पदार्थात स्पॅम असतं आणि बाकीचं बोलणं बुडून जाईल इतक्या वेळा तोच शब्द कानावर आदळत राहतो. १९७८ च्या मे महिन्यात डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थ्यूर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कवरच्या काहीशे लोकांना एकगठ्ठा जाहिरात पाठवली. आज सगळीकडे ‘पहिला स्पॅम’ म्हणून हीच सांगतात. पण त्या वेळी तिला स्पॅम म्हटलं नव्हतं कोणी. ३१ मार्च १९९३ ला यूजनेट या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर रिचर्ड डेप्यू यांच्या एका प्रोग्रॅममध्ये चूक राहिली आणि एकाच गटात सुमारे २०० संदेश आपोआप पडले. तिथे लोकांनी त्याला स्पॅम म्हटलं, आणि पुढच्याच वर्षी दोन अमेरिकन वकिलांनी ग्रीन कार्डची जाहिरात हजारो गटांत टाकली तेव्हा शब्द पक्का झाला. म्हणजे १९३७, १९७०, १९७८, १९९३, १९९४ ही पाचही सालं बरोबरच आहेत, फक्त प्रत्येक साल वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

बिटच्या बाबतीत कागद उपलब्ध असल्याने भांडण कमी आहे. बेल लॅब्जमधले संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांनी जानेवारी १९४७ मधल्या एका अंतर्गत टिपणात ‘बायनरी डिजिट’ (० किंवा १ हा अंक) आखडून बिट केलं. छापील स्वरूपात तो गाजला क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या निबंधामुळे. शॅनन यांनी पहिल्याच पानावर शब्द ट्यूकींनी सुचवल्याचं स्पष्ट लिहिलंय, तरी स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये श्रेय सर्रास शॅनन यांना जातं. मूळ निबंधाचं एक पान उघडलं तरी मिटणारी ही चूक आहे.

बाइटची गोष्ट याहून मजेची. आयबीएममध्ये स्ट्रेच नावाच्या यंत्रावर काम करणारे वर्नर बुखहोल्ट्झ यांनी १९५६ मध्ये हा शब्द केला. बिटपेक्षा मोठा घास, म्हणून चावा या अर्थाचा बाइट. पण त्या इंग्रजी स्पेलिंगमधलं शेवटचं अक्षर टाइप करताना गळलं की थेट बिट व्हायचं, आणि तांत्रिक कागदपत्रात तो अनर्थ. म्हणून मुद्दाम मधलं अक्षर बदलून ‘वाय’ घातला. तेव्हा बाइट म्हणजे आठच बिट असं काही ठरलेलं नव्हतं, कमीजास्त चालायचं. आठचा शिरस्ता पडला तो आयबीएमच्या १९६४ च्या सिस्टिम ३६० या संगणकमालिकेनंतर. त्यामुळे पन्नाशी-साठीच्या दशकातला कागद वाचताना ‘इतके बाइट’ दिसले की डोळे झाकून आठाने गुणू नका. नेटवर्कच्या मानकांत आजही ‘ऑक्टेट’ (नेमके आठ बिट) हा वेगळा शब्द सापडतो तो याच संशयापोटी.

इंटरनेट हा शब्द इंटरनेटवर्कचं लघुरूप म्हणून आरएफसी ६७५ या दस्तऐवजात (आरएफसी म्हणजे नेटवर्कच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांकित मालिका) आहे, डिसेंबर १९७४. लेखक तिघे: व्हिंट सर्फ, योगेन दलाल आणि कार्ल सनशाइन. यातले दलाल मुंबई आयआयटीचे पदवीधर, पुढे स्टॅनफर्डला गेलेले. त्यांचं नाव आपल्याकडच्या लेखांतही क्वचितच येतं, याचं मला कायम आश्चर्य वाटतं. १ जानेवारी १९८३ ही तारीख जी सांगतात ती अर्पानेटने टीसीपी/आयपी ही संदेश पाठवण्याची नियमावली स्वीकारल्याची, आणि १९८९ हे टिम बर्नर्स-ली यांच्या वेबच्या प्रस्तावाचं साल. शब्दाशी दोन्हींचा संबंध नाही.

ब्लॉग शोधताना वेगळाच खड्डा आहे. जॉर्न बार्गर यांनी १७ डिसेंबर १९९७ ला ‘वेबलॉग’ वापरला, पीटर मेरहोल्झ यांनी १९९९ मध्ये गमतीने तो ‘वी ब्लॉग’ असा तोडला, आणि वेबमधला शेवटचा ‘ब’ लॉगला कायमचा चिकटला. पण तुम्ही शोधायला बसलात तर १९९७ च्या आधीचेही ‘वेब लॉग’ ढिगाने सापडतील. ते सर्व्हरच्या नोंदवहीचे, म्हणजे कुठल्या यंत्राने कधी कुठलं पान मागितलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी. अक्षरं तीच, अर्थ वेगळा. जुना दाखला सापडला म्हणून उड्या मारण्याआधी आजूबाजूची चार वाक्यं वाचा.

आता खोट्या कथांकडे. आपल्याकडे संगणकाच्या क्लासच्या पुस्तकांत आणि व्हॉट्सॲपवर दोन ‘फुल फॉर्म’ हमखास सापडतात: व्हायरस म्हणजे ‘व्हायटल इन्फर्मेशन रिसोर्सेस अंडर सीज’ आणि कॉम्प्युटर म्हणजे ‘कॉमन ऑपरेटिंग मशीन...’ वगैरे लांबलचक काहीतरी. दोन्ही बनावट. व्हायरस हा लॅटिनमधला विषासाठीचा शब्द. संगणकाच्या संदर्भात तो फ्रेड कोहेन यांच्या १९८३-८४ च्या कामातून आला आणि त्यांना तो सुचवला लेनर्ड ॲडलमन यांनी. कॉम्प्युटर तर सतराव्या शतकापासून इंग्रजीत आहे, तेव्हा त्याचा अर्थ होता हिशेब करणारा माणूस. खरी आद्याक्षरी नावं ओळखायची एक खूण सांगतो: सुरुवातीच्या छापील मजकुरात ती मोठ्या लिपीत (कॅपिटल अक्षरांत) आणि बरेचदा फोडीसकट येतात. रडार १९४० च्या अमेरिकन नौदलातलं, लेझर १९५९ मधलं. दोन्ही नावं आद्याक्षरं जोडूनच बनली. ज्या शब्दाची फोड शब्दानंतर कित्येक वर्षांनी पहिल्यांदा दिसते, ती फोड कोणीतरी मागाहून बसवलेली असते. मोडेम आणि पिक्सेल मात्र खरोखर दोन शब्दांच्या तुकड्यांतून झाले आहेत, त्यांना या माळेत ओवू नका.

बगची कथा अर्धी खरी आहे. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क २ यंत्राच्या रिलेमध्ये (विजेच्या स्वयंचलित स्विचमध्ये) पतंग हा किडा सापडला, तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावला, आणि ते पान आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. इथवर सगळं खरं. पण त्या नोंदीत लिहिलंय ते साधारण असं, की प्रत्यक्ष किडा सापडल्याची ही पहिलीच वेळ. ‘प्रत्यक्ष’ हा शब्दच सगळं सांगतो: यंत्रातल्या दोषाला बग म्हणणं आधीपासून चालू होतं, म्हणून तर विनोद झाला. एडिसन यांच्या १८७८ च्या पत्रात तो याच अर्थाने आहे. शिवाय बऱ्याच ठिकाणी साल १९४५ दिलेलं असतं आणि पतंग तिथल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी स्वतः पकडल्याचं सांगतात. त्यांनी ती हकीकत रंगवून सांगितली आणि प्रसिद्ध केली, एवढंच.

इमोजीबद्दलही एक वाक्य. त्याचा ‘इमोशन’शी संबंध नाही; जपानीत ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. इंग्रजीशी साम्य योगायोगाचं, पण त्या योगायोगामुळेच शब्द इंग्रजीत इतक्या पटकन मुरला असं मला वाटतं.

वरचे बरेच शब्द तंत्रज्ञांनी गरजेपोटी केले. या युगाची अवस्था सांगणारे शब्द दुसऱ्या लोकांनी केले, आणि त्यांचा सूर बहुधा तक्रारीचा आहे. सुरुवात साधीच होती: लेविट आणि व्हिस्लर यांनी १९५८ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत लिहिलं की या नव्या तंत्राला अजून एक असं नाव नाही, आपण त्याला इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी म्हणू. इतका कोरडा, इतका स्वच्छ नामकरणविधी फार कमी शब्दांच्या वाट्याला येतो. पीटर ड्रकर यांचं ‘नॉलेज वर्क’ १९५९ चं. त्यानंतर सूर बदलतो. ‘इन्फर्मेशन ओव्हरलोड’ बर्ट्राम ग्रॉस यांच्या १९६४ च्या पुस्तकात आहे, पण घरोघरी पोचवला ॲल्विन टॉफलर यांनी १९७० मध्ये. त्यामुळे श्रेय टॉफलरना जातं. लिहिताना ‘रूढ केला’ म्हणा, ‘घडवला’ म्हणू नका. १९७१ मध्ये हर्बर्ट सायमन यांनी मांडलं की माहिती मुबलक झाली की लक्ष दुर्मीळ होतं, आणि आजची ‘अटेन्शन इकॉनॉमी’ त्याच विचारावर उभी आहे. सायबरस्पेस हा विल्यम गिब्सन यांनी १९८२ च्या एका विज्ञानकथेत आणलेला शब्द, ‘डिजिटल नेटिव्ह’ (लहानपणापासून डिजिटल जगात वाढलेला) हा मार्क प्रेन्स्की यांचा, २००१ चा.

इन्फोडेमिक, म्हणजे खऱ्याखोट्या माहितीची साथ, हा शब्द डेव्हिड रॉथकॉफ यांनी ११ मे २००३ च्या वॉशिंग्टन पोस्टमधल्या लेखात वापरला, सार्सच्या साथीबद्दल. मग तो जवळजवळ झोपूनच गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उचलला आणि लोकांना वाटलं कोविडमध्येच जन्मला. त्याची घडण तपासली तर व्याकरणाच्या मास्तरांना घेरी येईल. एपिडेमिकमधला ‘डेम’ हा ग्रीक ‘डेमोस’, म्हणजे लोक. साथ, रोग असं काही त्या तुकड्यात नाहीच. तसंच सायबर: नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ मध्ये सुकाणू धरणाऱ्याच्या ग्रीक नावावरून सायबरनेटिक्स घेतला, त्यातला ‘सायबर’ इतकाच तुकडा ग्रीकमध्ये सुटा उभाही राहत नाही. इंग्रजी शब्द कुठेही कापते आणि कानाला जिथे जोड बसते तिथे शिवते. म्हणून मुळातला धातू शोधून अर्थ काढायची आपली संस्कृतातली सवय इथे दगा देते. अलीकडचा एनशिटिफिकेशन बघा. कोरी डॉक्टरोव यांनी २०२२ मध्ये केलेला, अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २०२३ चा शब्द म्हणून निवडलेला. आधी वापरणाऱ्यांना खूश ठेवायचं, मग त्यांच्या जिवावर व्यापाऱ्यांना, आणि शेवटी दोघांनाही पिळून स्वतःचं भरायचं, ही प्लॅटफॉर्मची उतरंड त्यात आहे. शिवी आत ठेवूनही विद्वानांच्या सभेत चालतो, हे मला या यादीतलं सगळ्यात कसबी काम वाटतं.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर या क्रमाने जा. आधी ऑक्सफर्ड शब्दकोशातली पहिली नोंद पाहा, आणि तिचा अर्थ ‘आजवर सापडलेली सर्वात जुनी’ इतकाच घ्या. नोंदी सुधारत राहतात. मग गूगल बुक्सवर सालाची मर्यादा घालून शोधा. इथे नियतकालिकं फसवतात: अंकमालिकेला कधी कधी पहिल्या अंकाचंच साल चिकटलेलं असतं, त्यामुळे १९९५ चा मजकूर १९२० चा म्हणून दिसतो. पानावर छापलेली तारीख दिसल्याशिवाय विश्वास ठेवू नका. शब्द तीन प्रकारे शोधा, जोडून, तोडून आणि मध्ये रेघ देऊन. जुन्या फ्रेंच पुस्तकांत ईमेलसारखीच अक्षरं मिनाकामासाठी येतात, तेही बाजूला काढा.

संकेतस्थळांसाठी वेबॅक मशीन, म्हणजे जुनी वेबपानं साठवून ठेवणारं संग्रहालय, वापरा. पत्त्यात १४ आकडे असतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ती वेळ पान साठवल्याची असते, लिहिल्याची नव्हे. मजकूर त्याआधीचा असणार एवढंच त्यावरून ठरतं. यूजनेटचे जुने संदेश गूगल ग्रुप्समध्ये आहेत. आरएफसी सगळ्यात भरवशाचे, कारण एकदा प्रसिद्ध झाल्यावर त्यात काना-मात्राही बदलत नाहीत आणि महिना-साल पहिल्याच पानावर असतं.

‘हा शब्द मीच अमुक साली केला’ अशी आठवण कोणी सांगत असेल, तर ती आठवण म्हणूनच नोंदवा. सॉफ्टवेअरचंच बघा: छापील दाखला ट्यूकी यांचा, १९५८ चा. १९५३ पासून आपण तो बोलण्यात वापरत होतो असा एका प्रोग्रॅमरचा दावा आहे, आणि तो खरा असूही शकतो, पण त्या वेळचा कागद नाही. लेखात मी दोन्ही देतो: ‘छापील पहिली नोंद १९५८, तोंडी वापराचा दावा १९५३’. जागा एका ओळीचीच असेल तर १९५८ ठेवतो.