'विलोम' नव्हे, 'गतप्रत्यागत'

प्रश्न : १३१, ३१३ अशा दोन्हीकडून सारख्याच वाचता येणाऱ्या मूळ संख्यांना 'विलोम मूळ संख्या' म्हणावे का? फक्त ० आणि १ हे अंक वापरणाऱ्या द्विमान पद्धतीतही तेच नाव चालेल का?

उत्तर : नाही चालणार. 'विलोम'चा हा वापर हल्ली सर्रास कानावर येतो आणि दर वेळी खटकतो. लोम म्हणजे अंगावरचा केस. केस बसतात त्या दिशेने हात फिरवला तर अनुलोम, उलटा फिरवला तर विलोम. म्हणजे उलट गेल्यावर हाताला काही वेगळे लागले पाहिजे! वेंकटाध्वरीचे 'राघवयादवीय' हे संस्कृत काव्य घ्या : श्लोक सुलट वाचला तर राम, उलट वाचला तर कृष्ण. हा खरा विलोम. तसाच १३चा विलोम ३१. दोन्ही मूळ आणि दोन्ही वेगळ्या. 'विलोम मूळ संख्या' हे नाव अशा जोड्यांचे. ३१३ उलटी वाचून हाती येते ती ३१३च.

दंडीने 'काव्यादर्श' या संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथात उलट क्रमाच्या आवृत्तीला 'प्रतिलोम' म्हटले आहे, हा दाखला कोणीतरी देणारच. पण तो यमकाचा प्रकार सांगतो आहे. त्याला अंकांच्या वादात साक्षीला उभे करणे म्हणजे निव्वळ ओढाताण. आणि विलोमपद म्हणजे पॅलिन्ड्रोम (दोन्हीकडून सारखेच वाचता येणारे लिखाण) असे छापणारे कोश तर 'लोम'कडे बघतच नाहीत.

खरी गंमत पॅलिन्ड्रोममध्येच आहे. ग्रीक 'पालिन्' म्हणजे मागे, पुन्हा; 'द्रोमोस्' म्हणजे धाव. हा द्रोमोस् आणि आपल्या धातुपाठातला, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मुळांच्या यादीतला, 'द्रम्' (जाणे) हे एकाच मुळाचे! गेला आणि त्याच वाटेने परत आला. संस्कृत चित्रकाव्यात, म्हणजे अक्षरांच्या करामतींच्या काव्यात, यालाच नेमका शब्द तयार आहे : गतप्रत्यागत. लांब वाटेल, पण त्यात एक अक्षरही फुकट नाही.

राहिले द्विमानाचे. मूळ असणे हा संख्येचा गुण, पण गतप्रत्यागत असणे हा तिच्या लिखाणाचा. ३१३ द्विमानात १००१११००१, म्हणजे तिथेही जमले. १३१ मात्र १०००००११, फसली. ३१ दशमानात नापास, द्विमानात ११११. नव्हे, पाच एकं : १११११. म्हणून नावाआधी पाया (दशमानाचा १०, द्विमानाचा २) सांगितलाच पाहिजे, कारण २ सोडून कुठलीही मूळ संख्या तिच्याहून एकने लहान पायात '११' अशीच लिहिली जाते. १९ला २ ते १७पैकी एकाही पायात गतप्रत्यागत होणे साधत नाही, १८च्या पायात साधते.