शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना सिक्युरिटी की द्यावी का?

चाळीस शिक्षक, सगळ्यांची खाती गुगल वर्कस्पेसवर (संस्थांसाठीची गुगलची मेल वगैरे सेवा), आणि संस्थाचालक विचारतायत की प्रत्येकाला हार्डवेअर सिक्युरिटी की (लॉगिन करताना संगणकाला लावायची पेनड्राइव्हसारखी छोटी वस्तू) घ्यायची का, असा तुमचा प्रश्न आहे. मी एका अनुदानित शाळेत संगणक शिकवतो. खात्यांचा कारभारही माझ्याच गळ्यात. माझ्या मते सरसकट चाळीस घेऊ नका. पाच-सहा जणांना मात्र द्याच, आणि प्रत्येकाला दोन-दोन.

आम्हाला हे ठेच लागून कळलं. आमच्या लिपिकांना 'मेलबॉक्स भरला आहे' असा मेल आला. लॉगिनचं पान हुबेहूब गुगलचं. त्यांनी पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेला ओटीपीही टाकला, आणि पलीकडच्याने दोन्ही त्याच मिनिटाला खऱ्या पानावर वापरले. दुपारी पालकांना मेल गेले: फी या नव्या खात्यात भरा. एका आईचा फोन आला, "सर, शाळेची बँक बदलली का हो?" तेव्हा कुठे कळलं. म्हणजे टू-स्टेप (पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खात्री) चालू असूनही खातं गेलं.

ओटीपी माणूस वाचतो आणि समोर दिसेल त्या चौकटीत टाकतो. की तसं करत नाही. नोंदणीच्या वेळी ती त्या वेबसाइटच्या पत्त्याशी बांधलेली एक गुप्त किल्ली बनवते आणि ती किल्ली कधीच बाहेर देत नाही. पान कितीही हुबेहूब असो, पत्ता वेगळा असला की कीकडून उत्तरच जात नाही. लिपिकांना पत्त्यातलं एक अक्षर बदललेलं दिसलं नाही. कीला ते बघावंच लागत नाही. २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर कंपनीतल्या तीन जणांनी अशाच बनावट पानावर पासवर्ड टाकले होते, पण सगळ्यांकडे की असल्यामुळे चोर आत शिरू शकले नाहीत. ती तर इंटरनेट सुरक्षेचा धंदा करणारी कंपनी! आपल्या लिपिकांना कशाला बोल लावायचा?

सुरुवात वर्कस्पेसच्या अ‍ॅडमिन खात्यांपासून करा, मग मुख्याध्यापक, कार्यालय, परीक्षा विभाग. वर्गशिक्षकांना फोनमधली पासकी (फोनच्या लॉकने उघडणारी तशीच किल्ली) पुरते. तत्त्व तेच आहे आणि खर्च शून्य. अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये या पाच-सहा जणांचं वेगळं युनिट (गट) करून टू-स्टेपसाठी 'फक्त सिक्युरिटी की' हा पर्याय सक्तीचा करा, पण सगळ्यांच्या दोन्ही की नोंदवून झाल्यावरच. आधी सक्ती केलीत तर सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी तुमचा फोन थांबणार नाही. सुपर अ‍ॅडमिनही (सगळे अधिकार असलेलं खातं) दोन ठेवा. एकच असेल आणि त्याची की हरवली, तर डोमेन (शाळेचा इंटरनेटवरचा पत्ता) आपलंच आहे हे गुगलला पटवून देत बसावं लागतं.

खरं भांडण झालं ते 'ऑफिस' नावाच्या सामायिक खात्यावरून. तिघं वापरायचे आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. आता की कोणाकडे ठेवायची? शेवटी तिघांची वेगळी खाती केली आणि ऑफिसचा मेल त्यांना डेलिगेशनने दिला, म्हणजे पासवर्ड न देता आपापल्या खात्यातून तो वाचायची परवानगी दिली. हे खरं तर कधीच करायला हवं होतं.

घेण्याआधी कार्यालयातले संगणक बघून या. आमच्याकडे सगळे जुने चौकोनी यूएसबीवाले, म्हणून टाइप-सीच्या की घेतल्या नाहीत. एनएफसीवाली (नुसती टेकवून चालणारी) घेतलीत तर फोनलाही चालते. कीला पिन ठेवाल तेव्हा जपून: युबिकी या कंपनीच्या कीवर लागोपाठ आठ वेळा चुकला की ती लॉक होते, मग रीसेट करून सगळीकडे नव्याने नोंदवावी लागते. आमच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात हे करून दाखवलं, पण दुसरी की होती म्हणून काम अडलं नाही.

शालार्थ (पगाराचं पोर्टल) किंवा यू-डायस प्लसचं (शाळेच्या माहितीचं पोर्टल) लॉगिन या कीने सुरक्षित होईल असं समजू नका; तिथे त्या त्या पोर्टलची पद्धत. शिवाय संगणकातच क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर व्हायरस आला, तर तो आधीच चालू असलेलं लॉगिनच चोरतो. तिथे की काही करू शकत नाही.

सुटी की नाव लिहिलेल्या पाकिटात, दाखल्यांच्या कपाटात. कोणी निवृत्त झालं किंवा बदली झाली की चार्ज घेताना की परत घ्या आणि खात्यातून तिची नोंद काढा. आमच्या चार्जच्या यादीत ती 'प्रयोगशाळा' आणि 'मागचं गेट' यांच्या किल्ल्यांखाली लिहिलेली आहे.