कोर्ससाठी लोन काढू की इमर्जन्सी फंड मोडू? (प्राणीगृहात काम करणाऱ्या ताईंचा प्रश्न)

ताई, तुम्ही लिहिलंय की प्रयोगशाळेच्या प्राणीगृहात उंदीर आणि सशांची देखभाल करता, आता एक ॲडव्हान्स्ड कोर्स आणि त्याला जोडून कॉन्फरन्स करायचीय, खर्च दीड महिन्याच्या पगाराएवढा आणि नंतर पगार साधारण 4 टक्के वाढेल असं सीनियर म्हणतात. माझं स्पष्ट मत, लोनही नको आणि फंडाला तर हातच लावू नका.

शिकू नका असं अजिबात म्हणत नाहीये हं. तुमच्या कामात शिकणं थांबलं की त्रास त्या मुक्या जिवाला होतो. उंदराला शेपटीला धरून उचलण्यापेक्षा नळीतून किंवा ओंजळीत घेतलं तर तो कमी घाबरतो हे 2010 मध्ये संशोधनातून समोर आलं, आणि त्याच वर्षी उंदराचा चेहरा बघून वेदना ओळखायची पद्धतही आली, डोळे किती बारीक झालेत, कान कसे वळलेत वगैरे. त्याआधी शिकलेल्यांना हे कुणीतरी शिकवायलाच हवं ना. पण एवढ्यासाठी दीड पगार लागत नाही, प्रयोगांत प्राण्यांचा वापर आणि त्रास कमी करण्यासाठी काम करणाऱ्या ब्रिटनच्या एनसीथ्रीआर्स (NC3Rs) या संस्थेच्या साइटवर याचे व्हिडिओ, पोस्टर फुकट आहेत.

आता हिशोब. 4 टक्के वाढ म्हणजे दीड पगार भरून निघायला 37-38 महिने, आणि यात लोनचं व्याज धरलेलंच नाही, शिवाय वाढ फक्त तोंडी कबूल केलेली. फंडाचं म्हणाल तर तुमच्या कामात प्राण्यांच्या केसा-लघवीतून ॲलर्जी होण्याचा धोका खरा आहे, काहींना त्यामुळे दम्यापर्यंत त्रास जाऊन काम बदलावं लागतं. असं अचानक घरी बसायची वेळ आली तर हाच पैसा कामी येणार.

म्हणून आधी संस्थेकडे लेखी मागा. स्टाफला ट्रेनिंग देणं ही मुळात त्यांचीच जबाबदारी, युरोपात तर प्रयोगातल्या प्राण्यांच्या संरक्षणाच्या 2010/63 डायरेक्टिव्हमध्येच (युरोपियन युनियनच्या नियमात) ते लिहिलंय. अर्जात कोर्सची फी, भरपगारी रजा आणि तुमच्या जागी ड्युटी कोण करणार हे तिन्ही टाका, शेवटच्या मुद्द्यावरच बहुतेक अर्ज अडकतात. फी देताना ते बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) लिहून मागतील, तर किती महिन्यांचा आहे ते वाचल्याशिवाय सही करू नका.

स्वतःच्या खिशातून घालायचेच असतील तर नोकरी बदलली तरी तुमच्या नावावर राहील अशा परीक्षेवर घाला, जसं अमेरिकेतल्या आलास (AALAS) या प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसंबंधीच्या संस्थेच्या तंत्रज्ञ परीक्षेच्या एएलएटी, एलएटी, एलएटीजी या चढत्या तीन पायऱ्या. प्रत्येक पायरीला शिक्षण आणि अनुभवाची अट असते, ती बघूनच फी भरा, आणि पुढे आलासच्या रजिस्ट्रीत (प्रमाणपत्रधारकांच्या यादीत) नाव ठेवायचं तर शिक्षणाचे क्रेडिट जमवत राहावे लागतात, तो खर्चही आत्ताच धरा. कॉन्फरन्स या वर्षी सोडा. परीक्षेच्या फीसाठी छोटी आरडी सुरू करा, आणि संस्थेचं उत्तर आलं की मला कळवा, त्यांनी अर्धी फी कबूल केली तर आकडे पुन्हा मांडू.