वाचकांचे प्रश्न : ईम गाव आणि तेथील चर्च

प्रश्न : इंग्लंडमधील ईम या गावाने प्लेगच्या काळात स्वतःहून आपल्या सीमा बंद केल्या, असे वाचनात आले. त्यात तेथील चर्चचा वाटा काय होता? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ईम हे डर्बीशायर परगण्यातील डोंगराळ भागातले गाव असून तेथील सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात आठव्या शतकाच्या सुमाराचा कोरीव दगडी क्रूस आजही उभा आहे. 1665 मध्ये लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून पिसवांबरोबर प्लेग गावात शिरला, अशी परंपरागत समजूत आहे. जून 1666 मध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांनी कोणीही वेस ओलांडू नये, असे गावकऱ्यांना पटवले. मात्र मॉम्पेसन गावात नवे होते आणि इंग्लंडच्या अधिकृत राजमान्य चर्चच्या नियमांना नकार दिल्यामुळे पदावरून दूर झालेले आधीचे धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली त्यांच्या पाठीशी उभे राहिले नसते, तर लोकांनी ऐकले असते असे आम्हांला वाटत नाही. चर्च बंद करून प्रार्थना जवळच्या घळीत, कुटुंबाकुटुंबांत अंतर ठेवून होऊ लागल्या. सीमेवरच्या दगडाला पाडलेल्या भोकांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवली जात आणि बाहेरचे लोक त्या बदल्यात अन्नधान्य ठेवून जात. एलिझाबेथ हॅनकॉक या मातेने आठ दिवसांत पती व सहा मुलांना स्वतः पुरले. सुमारे 260 माणसे दगावली; मॉम्पेसन यांच्या पत्नी कॅथरीन यांची कबर चर्चच्याच आवारात आहे.