म्बिरा : ‘अंगठा-पियानो’ म्हणावे का?

प्रश्न असा : झिम्बाब्वेच्या वादक स्टेला चिवेशे (१९४६–२०२३) यांच्याविषयी लिहिताना ‘मबिरा म्हणजे अंगठा-पियानो, २४ पट्ट्यांचे तंतुवाद्य’ असे म्हटले तर चालेल का?

आकडा चालेल, बाकी काही नाही.

शोना भाषेत शब्द दोन अक्षरी आहे, म्बि-रा. ‘तांबे’मधला म्ब शब्दारंभी उच्चारायचा. ‘मबिरा’ लिहिले की आपण तीन अक्षरे करतो. ‘म’ गाळला तर अर्थच पालटतो, कारण ‘बिरा’ हा विधी आहे. लिंग नपुंसक धरावे आणि सामान्यरूप टाळून ‘म्बिराचा नाद’ लिहावे. ‘हिऱ्याचा’च्या चालीवर ‘म्बिऱ्याचा’ केले की मूळ शब्द ओळखू येत नाही.

‘अंगठा-पियानो’ ही इंग्रजी नावाची नक्कल, आणि तीही अर्धवट. चिवेशे वाजवत ते ‘म्बिरा द्झावाद्झिमू’. त्यात डावीकडच्या दोन्ही ओळी डाव्या अंगठ्याकडे असतात, पण उजवीकडे अंगठ्याच्या जोडीला तर्जनी लागते. अंगठे वरून दाबतात, तर्जनी खालून वर छेडते. उजवी करंगळी फळीच्या भोकात घालून वाद्य तोलायचे. तारा नाहीतच, त्यामुळे तंतुवाद्यही नव्हे. आपल्या चतुर्विध वर्गीकरणात हे घनवाद्य, म्हणजे ठोस पदार्थ स्वतःच कंप पावून वाजणारे.

‘पट्टी’ का नको? संगीताच्या मजकुरात पट्टी म्हणजे गायनाचा आधारस्वर : काळी एक, पांढरी चार. इथे ‘पाते’ म्हणा. अशी साधारण २२ ते २८ धातूची पाती लाकडी फळीवर घट्ट बसवलेली असतात. पाते मागे सरकवले की त्याचा मोकळा भाग आखूड होऊन सूर चढतो, पुढे ओढले की उतरतो. हे वाक्य ‘पट्टी’ वापरून लिहून पाहा, वाचक हमखास गोंधळेल.

नाद घुमवणाऱ्या ‘देझे’ला भोपळा म्हणायला हरकत नाही. मात्र तो तंबोऱ्यासारखा जोडलेला नसतो. वाद्य आत ठेवून काठीने अडकवतात. त्याला शिंपले किंवा बाटल्यांची पत्र्याची बुचे लावतात. त्यांच्या आवाजाला ‘खरखर’ म्हणू नका, ती दोषाची खूण वाटते आणि हा नाद तर मुद्दाम आणलेला असतो. तंबोऱ्याच्या झंकारासाठीच्या ‘जवारी’ या शब्दाचा मोह होईल, पण ती घोडीवर तार टेकण्यातून येते. ‘झणझण’ पुरे.

‘वाद्झिमू’ म्हणजे पूर्वजांचे आत्मे. ‘पितर’ नेमका बसतो. बिराला मात्र ‘मैफल’ म्हणणे चूक. तिथे रात्रभर म्बिरा आणि ‘होशो’ हे भोपळ्याचे खुळखुळे वाजतात, जमलेले लोक गातात-नाचतात, आणि माध्यम असलेल्या व्यक्तीच्या अंगात पितर यावा म्हणूनच हे सारे चालते. ‘जागर’ जवळचा. चिवेशे १९६०च्या दशकात शिकल्या तेव्हा बाईने म्बिरा हाती घेणे अपवादात्मक होते, म्हणून हा फरक पुसू नये : युरोपातल्या रंगमंचावर त्यांनी मैफली केल्या, गावी बिरात वाजवले.