मंजूर झालेल्या कर्जावर एजंटला उरलेले १७,००० द्यावेत का?

बार्शी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. घरातल्या पडवीत त्या काळं तिखट, येसर आणि शेंगाची चटणी करतात आणि आठवडी बाजारात विकतात. कांडप मशीन, रोस्टर आणि पॅकिंग मशीन घ्यायला एका सरकारी बँकेत त्यांचं ९ लाखांचं मुद्रा कर्ज मंजूर झालंय. व्याज साडेअकरा टक्के, मुदत ५ वर्षं. फाईल एका एजंटने केली. तीन टक्के, म्हणजे २७,००० ठरले. त्यातले १०,००० त्याने रोख घेतले. सही केलेले दोन कोरे चेकही त्याच्याकडेच आहेत. आता तो म्हणतो, उरलेले १७,००० आले नाहीत तर पैसे पडणार नाहीत. ताई विचारतात, "सतरा हजारांसाठी नऊ लाख अडकवायचे का? पाटल्या गहाण ठेवून देऊन मोकळी होऊ का?"

ताई, देऊ नका. पाटल्या कपाटातच राहू द्या.

तुमच्या भीतीपासून सुरुवात करतो, कारण तिच्याच जोरावर हा माणूस पैसे मागतोय. कर्ज मंजूर करते बँक, पैसे सोडतेही बँक. मशीनच्या कर्जात तर रक्कम तुमच्या हातातही येत नाही. तुम्ही दिलेल्या कोटेशनवरून बँक ती थेट मशीनवाल्याच्या खात्यावर पाठवते. तुम्ही लिहिलंय की फील्ड ऑफिसर घरी येऊन पडवी बघून गेले, फोटो काढून गेले. म्हणजे फाईल बँकेच्या टेबलावर आहे, एजंटच्या पिशवीत नाही. त्याने ती थांबवायची म्हटलं तरी शाखेतल्या कुणीतरी साथ द्यावी लागेल. तसं घडलं तर ते प्रकरण १७,००० पेक्षा फार मोठं आहे. त्याकडे पुढे येतो.

पण मंजुरीपत्र तुम्ही फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलंय, तेही एजंटने पाठवलेलं. म्हणून पहिलं काम हे की स्वतः शाखेत जा आणि मंजुरीपत्राची सही-शिक्क्याची प्रत मागा. हे कर्ज तिथे नोंदलेलंच नाही असं निघालं, तर तो फीचा वाद राहत नाही, सरळ फसवणूक होते. मग त्याच दिवशी पोलीस ठाणं गाठा. व्हॉट्सअ‍ॅपवरचं खोटं पत्र आहे म्हणून १९३० या सायबर हेल्पलाइनलाही कळवा.

मंजुरीपत्र खरं निघालं (तुमच्या वर्णनावरून ते खरंच असावं) तर दुसरा कागद मागा, केएफएस, म्हणजे 'की फॅक्ट्स स्टेटमेंट'. एका-दोन पानांत कर्जाचा सगळा खर्च मांडलेला हा तक्ता असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ आणि लघुउद्योगाच्या मुदत कर्जासाठी तो द्यायचं बंधन रिझर्व्ह बँकेने घातलंय, आणि तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यायचा असतो. मराठीत मागा, संकोच करू नका. त्यात नसलेला कोणताही चार्ज तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला पुढे कधीही लावता येत नाही. विमा किंवा कायदेशीर तपासणी यांसाठी बँकेने दुसऱ्या कुणाच्या वतीने पैसे घेतले, तर तेही त्यात वेगळे दाखवावे लागतात. शिवाय तक्ता हातात आल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. "आजच्या आज द्या" ही घाई एजंटची आहे, बँकेची नाही.

आता आकडे बघू. तुमचा हप्ता साधारण १९,८०० बसतो. बँकेची प्रोसेसिंग फी अर्धा टक्का म्हणजे ४,५०० आणि वर १८ टक्के जीएसटी, मिळून ५,३१० असं तुम्ही कळवलंय. ही फी धरली तर कर्ज तुम्हाला वर्षाला सुमारे पावणेबारा टक्क्यांनी पडतं. एजंटचे २७,००० त्यात मिळवले की तेच कर्ज १३.१ टक्क्यांवर जातं. बँकेशी भांडून पाव टक्का कमी करून घ्यायला लोक महिनाभर खेटे घालतात. इथे एका माणसाच्या तोंडी शब्दावर सव्वा टक्क्याहून जास्त निघून जातो. आणि १७,००० साठी पाटल्या ठेवल्यात तर धंद्याचा पहिला दिवस दोन कर्जांनी उजाडेल.

तुम्ही पाठवलेल्या फोटोकडे मी बराच वेळ बघत होतो. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे निळ्या बॉलपेनने चार ओळी आहेत: "उद्यम १,५००, प्रोजेक्ट ३,५००, फाईल ५,०००, साहेब नंतर." खाली सही नाही, तारीख नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. आधार आणि पॅन असलं की झालं. म्हणजे हे १,५०० फुकटच्या गोष्टीचे. प्रोजेक्ट रिपोर्ट मात्र खरंच झालाय. त्यात तुमच्या मिरचीचा, शेंगदाण्याचा, विजेचा हिशोब आहे आणि बँकेने तो वापरलाही. त्या ३,५०० चं मला वाईट वाटत नाही. कामाचे पैसे द्यावेत, फक्त पावती घेऊन. "फाईल" या शब्दाखाली काहीच नाही. एजंट बँकेने नेमलेला असेल तर त्याचं कमिशन बँक देते, कर्जदाराकडून वेगळं घ्यायचं नसतं. तो बँकेचा नसेल, तर मुद्रा योजनेत त्याला जागाच नाही. मुद्राने कर्जासाठी एकही एजंट किंवा मध्यस्थ नेमलेला नाही, आणि अशांपासून लांब राहा असं मुद्राच्याच वेबसाइटवर लिहिलंय. ५ ते १० लाखांच्या 'तरुण' गटाचा अर्ज थेट शाखेत देता येतो.

राहिला "साहेब". हा शब्द बहुतेक वेळा तुमच्या खिशात हात घालण्यापुरताच वापरलेला असतो, साहेबांना त्याचा पत्ताही नसतो. पण तो खरा असला तर ती लाच आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हासुद्धा गुन्हा आहे. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केली तरच देणाऱ्याला संरक्षण मिळतं. म्हणून त्या नावाने एक रुपयाही द्यायचा नाही. शाखेतल्या कुणी सूचित जरी केलं तरी बँकेच्या दक्षता विभागाला लेखी कळवायचं.

तुम्ही लिहिलंय, "पावती मागितली असती तर त्यांना राग आला असता." ताई, माझ्या वडिलांनी विहिरीवरच्या मोटारीच्या कर्जासाठी गावातल्या एका माणसाला असेच पैसे दिले होते. त्यांनीही पावती मागितली नाही, कारण तो माणूस घरी चहाला यायचा. कर्ज मिळालं. पण त्या वर्षी आम्हाला शाळेची वही उधारीवर आणावी लागली, ते मी विसरलेलो नाही. मागायला लाज तुम्हाला वाटली, आणि त्या लाजेवर त्याचा व्यवसाय चाललाय.

चेकचं काम मात्र सगळ्यात तातडीचं आहे, १७,००० च्या निर्णयाच्याही आधीचं. कोऱ्या चेकवर तो कोणताही आकडा भरू शकतो. खात्यात पैसे नसताना चेक परतला तर नोटीस तुमच्या नावाने येईल आणि वकिलाचा खर्च तुमचा होईल. दोन्ही चेकना स्टॉप पेमेंट द्या, म्हणजे ते वटवू नका अशी सूचना बँकेला द्या. थोडा चार्ज लागेल, लागू द्या. शाखेत एक अर्जही द्या की हे चेक अमुक तारखेला कर्जाच्या कामासाठी अमुक व्यक्तीकडे कोरे दिले होते आणि त्या व्यक्तीचं माझ्याकडे कोणतंही कायदेशीर येणं नाही. पोहोच घ्या. नंतर वाद झालाच तर हा कागद उपयोगी पडेल.

कोटेशनबद्दलही एक शंका आहे. मशीनचं कोटेशन एजंटनेच आणून दिलं, असं तुमच्या पत्रात ओझरतं आलंय. मशीनवाल्याकडूनही कमिशन आणि तुमच्याकडूनही, असं मी बऱ्याचदा पाहिलंय. त्यात किंमत फुगते, आणि फुगलेल्या किमतीवर व्याज तुम्ही पाच वर्षं भरता. सोलापुरात किंवा पुण्यात त्याच क्षमतेच्या मशीनची दोन कोटेशनं स्वतः फोन करून मागवा. फरक मोठा निघाला तर पैसे सुटण्याआधी बँकेला कोटेशन बदलून द्या. आठवडा उशीर झाला तरी चालेल. मिरची कुठे पळत नाही.

एजंटला फोनवर काही बोलू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच लिहा: "बँकेच्या केएफएसमध्ये तुमच्या फीचा उल्लेख नाही. उरलेली रक्कम मी देणार नाही. घेतलेल्या १०,००० ची पावती द्या आणि माझे दोन चेक आठ दिवसांत परत करा." तो धमकी देईल, नाहीतर गोड बोलेल. दोन्ही जपून ठेवा.

शाखा व्यवस्थापकांना अर्ज देताना मजकूर सरळ ठेवा: माझ्या कर्जासाठी अमुक व्यक्तीने बँकेचं नाव सांगून १०,००० घेतले, आणखी १७,००० मागत आहे, ही व्यक्ती बँकेची अधिकृत एजंट आहे का ते लेखी कळवा. उत्तर "हो" आलं तर त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेवर येते. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. उत्तर "नाही" आलं तर लोकपालाचा उपयोग नाही. मग पोलिसांत फसवणुकीची तक्रार किंवा जिल्हा ग्राहक आयोग हे मार्ग उरतात. एवढ्या रकमेच्या दाव्याला आयोगात फी नाही.

तुम्हाला खरं तेच सांगतो. प्रोजेक्ट रिपोर्टचे ३,५०० सोडून उरलेले ६,५०० मागायचा तुमचा हक्क आहे, पण ते मिळतीलच अशी खात्री मी देणार नाही. रोखीचा व्यवहार आहे, पुरावा म्हणजे ते कार्ड आणि त्याचे मेसेज. लेखी तक्रार जरूर करा, कारण तुमच्यानंतर त्याच्याकडे तुमच्याच बचत गटातली कुणीतरी जाणार आहे. पण त्या पैशांमागे मोसम घालवू नका. उन्हाळ्यात लोक वर्षभराचं तिखट करून ठेवतात, तुमची खरी कमाई तेव्हाच होते. न दिलेले १७,००० मिरची आणि धने भरायला वापरा.

गाव लहान आहे, तो एजंट रोज त्याच शाखेत बसतो, पुढे त्रास होईल ही तुमची काळजी मला समजते. एकट्या जाऊ नका. गटातल्या दोघी सोबत घ्या. दुपारी गर्दी कमी असते तेव्हा थेट व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये जा. अर्जाची प्रत बँकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला जाणार आहे असं अर्जाच्या खाली लिहा, आणि खरंच पाठवा. ही ओळ वाचल्यावर टेबलावरची फाईल सहसा हलते.

दोन्ही चेकचे नंबर पासबुकाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलेत असं तुम्ही कळवलंय, ते फार बरं केलंत. पत्र वाचून झालं की आधी तेच पान उघडा. स्टॉप पेमेंटचा मेसेज आला की मला कळवा, पुढचा अर्ज आपण मिळून लिहू.